बदकाच्या पोटात डिझेल इंजिन



नांदेड-लातूर रस्त्याने एस.टी.ने जाताना खिडकीतून बाहेर पाहत राहिलात, तर एखाद्या गॅरेजसमोर एक ओळखीचे दृश्य हमखास दिसते. तीन वासे वर एकत्र बांधून तिकाटणे उभे केलेले असते. त्याला साखळीची कप्पी अडकवलेली असते आणि कप्पीला एक इंजिन टांगलेले असते. खाली बॉनेट उघडलेली गाडी आणि तिच्याकडे पाहत उभे असलेले मिस्त्री. इंजिन निघते आहे की बसते आहे, हे गाडी पुढे गेल्यामुळे आपल्याला कळत नाही.

अशा तिकाटण्याखाली एके काळी जुन्या पेट्रोल जीपा फार येत. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपांची जुळणी सुरू केली, तेव्हा त्या पेट्रोलवर चालत. त्या दणकट होत्या. काळ्या जमिनीच्या पांदीतून, ओढ्यातून, कुठूनही जात. पण पेट्रोल फार पीत. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेनासे झाले, तसे लोकांनी जीप तीच ठेवून आतले इंजिन बदलण्यास सुरुवात केली. पुढे खुद्द कंपनीनेही डिझेल जीपा काढल्या. त्यांतील एक इंजिन फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनत असे.

इंजिन बदलणे म्हणजे दिव्यातला बल्ब बदलणे नव्हे. आज आपण हा बदल अशा एका वाहनात करून पाहू, की जिथे चूक झाल्यास गाडी रस्त्यात बंद पडून भागत नाही. हे वाहन सहा चाकांचे आहे, चिखलात चालते आणि पाण्यातही चालते.

सहा चाकांचे बदक

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेपुढे एक अडचण होती. जहाज किनाऱ्यापासून दूर उभे राहणार, बंदर शत्रूच्या हाती. मग जहाजातला माल किनाऱ्यावर आणि तिथून आत कसा न्यायचा? १९४२ मध्ये जनरल मोटर्सच्या अडीच टनी, सहाचाकी मालट्रकाभोवती नावेसारखे पोलादी कवच बसवून एक वाहन तयार करण्यात आले. त्याच्या सांकेतिक नावाच्या इंग्रजी अक्षरांचा उच्चार ‘डक’ असा होई, म्हणून सैनिक त्याला बदकच म्हणू लागले. अशी एकवीस हजारांवर बदके तयार झाली. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर त्यांनी अक्षरशः डोंगराएवढा माल वाहून नेला.

बदकाची लांबी सुमारे ९.४ मीटर, रुंदी २.५ मीटर, रिकामे वजन सहा टनांच्या आसपास. सहाही चाकांना इंजिनाची ओढ. मागे, बोगद्यासारख्या खोलगट जागेत, पाण्यात ढकलणारा पंखा. रस्त्यावर वेग ताशी ८० किलोमीटर, पाण्यात ताशी सुमारे १० किलोमीटर. चालकाला बसल्या जागेवरून टायरमधली हवा कमीजास्त करता येई. हा शेवटचा गुण आपल्याकडच्या काळ्या जमिनीत किती उपयोगी पडला असता, ते पाहा. भरलेले बदक साधारण सव्वाआठ टनांचे, म्हणजे एका चाकावर सुमारे १४०० किलो. टायरमधला दाब चौरस सेंटीमीटरला २.८ किलो असेल, तर तेवढे वजन पेलण्यास टायर जमिनीला ५०० चौरस सेंटीमीटर टेकावा लागतो. दाब ०.७ वर आणला की टायर पसरून २००० चौरस सेंटीमीटर टेकतो. वजन तेच, पण जमिनीवरचा दाब चौपट कमी. पावसाळ्यात बैलगाडीचे अरुंद लोखंडी चाक का रुतते आणि उंटाचा पसरट पाय वाळूत का रुतत नाही, याचे उत्तरही हेच आहे.

युद्ध संपल्यावर बदके स्वस्तात विकली गेली. अमेरिकेत विस्कॉन्सिन डेल्स येथे १९४६ पासूनच त्यांतून प्रवाशांना नदीची सैर घडवू लागले. ब्रिटनमध्ये पुढे अल्व्हिस कंपनीचे ‘स्टॉलवर्ट’ नावाचे सहाचाकी जलस्थलगामी वाहन निघाले. त्यात रोल्स-रॉइसचे आठ सिलिंडरांचे, साडेसहा लिटरचे, २२० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन असे. सैन्याने काढून टाकल्यावर ही वाहने हौशी लोकांच्या आणि सहल कंपन्यांच्या हाती आली, तेव्हा त्यांनाही आपल्या जीपवाल्यांसारखाच प्रश्न पडला. पेट्रोलचा खर्च सोसेना, जुन्या इंजिनाचे सुटे भाग मिळेनात. तेव्हा अनेकांनी डिझेल इंजिन बसवले.

डिझेलच का?

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेल. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिन याच अनुभवावर उभे आहे. १८९० च्या दशकात रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने हवा इतकी दाबण्याचे ठरवले, की इंधन फवारताच ते आपोआप पेटावे, ठिणगी नकोच. आपल्याकडील विहिरीवरचे तेल इंजिन हवा १६-१७ पट दाबते. ३०० केल्व्हिन तपमानाची हवा साडेसोळा पट दाबली, तर हिशेबाने तिचे तपमान ९०० केल्व्हिनच्या वर, म्हणजे ६०० अंश सेल्सिअसपलीकडे जाते. यातली काही उष्णता सिलिंडरच्या भिंतीतून निसटते, तरी डिझेल पेटण्यास उरते ती पुरून उरते.

बदकाचे मूळ पेट्रोल इंजिन मिश्रण फक्त पावणेसात पट दाबत असे. अधिक दाबल्यास पेट्रोल अवेळी पेटते आणि इंजिन ठोके देऊ लागते. जितके जास्त दाबावे, तितके इंधनातून काम जास्त निघते. म्हणून डिझेल इंजिन तेवढ्याच इंधनात गाडी पुढे नेते. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा ऊर्जाही थोडी अधिक असते.

पण पाण्यात चालणाऱ्या वाहनात याहून मोठे कारण वेगळे आहे. जीपमधून पेट्रोल ठिबकले तर ते रस्त्यावर पडते आणि वाफ वाऱ्यावर जाते. बदकाचा तळ बंद असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती तळाशी साचते आणि दिसत नाही. शून्याखाली ४० अंशांनाही पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. एखाद्या बटणाची ठिणगी पुरे. डिझेलची तशी वाफ सहजासहजी होत नाही. आणि ठिणगी पाडणारी विजेची जोडणीच नसल्यामुळे ओल्या दमट जागेत ती बिघडण्याचाही प्रश्न उरत नाही. तेव्हा विचार चुकीचा नाही. आता तिकाटणे उभे करू या.

अश्वशक्ती जुळली, पुढे काय?

बदकाच्या मूळ इंजिनात सहा सिलिंडर, आकारमान ४.४ लिटर, शक्ती सुमारे ९१ अश्वशक्ती. ती मिनिटाला २७५० फेऱ्यांवर मिळे. समजा, आपल्याला भंगार बाजारात नेमके ९१ अश्वशक्तीचेच डिझेल इंजिन मिळाले. पण ते मिनिटाला २२०० फेऱ्यांपलीकडे जात नाही, कारण त्याचा गव्हर्नर तिथे इंधन तोडतो. अश्वशक्ती तीच आहे, मग बिघडते कुठे?

शक्ती म्हणजे पीळ गुणिले फिरण्याचा वेग. (यंत्रशास्त्रात या पिळाला आघूर्ण म्हणतात. आपण पीळच म्हणू. पाना फिरवताना मनगटाला जाणवतो तो हाच.) ९१ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ६८,००० वॉट. मिनिटाला २७५० फेऱ्या म्हणजे सेकंदाला २८८ रेडियन. भागाकार करा: पीळ येतो २३६ न्यूटन-मीटर. आता २२०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला २३० रेडियन. पीळ येतो २९५ न्यूटन-मीटर. तीच शक्ती, पण दांड्यावर पीळ सव्वापट!

हा सव्वापट पीळ क्लचप्लेटपासून गिअरच्या दात्यांपर्यंत आणि तिथून सहा चाकांच्या आसांपर्यंत जातो. हे भाग १९४२ साली जुन्या इंजिनाच्या हिशेबाने बनवलेले होते. शिवाय डिझेलचा धक्का अंगावर येणारा असतो. तेल इंजिनाचा ‘धड्-धड्’ आवाज आणि स्कूटरचा आवाज डोळे मिटूनही ओळखू येतो, तो यामुळेच. म्हणून जाणता मिस्त्री इंजिन उतरवण्याआधी गिअरबॉक्स उघडून पाहतो.

जमिनीवर आणखी एक फरक पडतो. गिअर तेच ठेवले, तर २७५० फेऱ्यांना ताशी ८० किलोमीटर जाणारी गाडी २२०० फेऱ्यांना ६४ जाईल. यात कुणाचे काही बिघडत नाही. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या वाहनाने सावकाशच जावे.

पाण्यात मात्र हे गणित बदलते. पंख्याला पाणी ढकलायचे असते आणि पाणी ढकलण्यास लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या दुप्पट, तर शक्ती आठपट. आता हा नियम उलटा वाचा. आपला पंखा पूर्वीच्या ८० टक्के वेगाने फिरतो आहे. ०.८ चा घन ०.५१. म्हणजे इंजिनाजवळ ९१ अश्वशक्ती तयार आहे, पण पंखा तिच्यातली जेमतेम निम्मीच घेतो आहे! उरलेली शक्ती कुठे वाया जात नाही. ती निर्माणच होत नाही, कारण मागणाराच नाही. आणि वाहनाचा पाण्यातील वेग सर्वसाधारणपणे फेऱ्यांच्या प्रमाणात असतो. १० चे झाले ८.

दोन किलोमीटरचा फरक तो काय, असे कुणी म्हणेल. गोदावरीच्या काठच्या मुलाने म्हणू नये. विष्णुपुरीच्या शंकरसागर जलाशयाचे दरवाजे उघडले की नांदेडच्या घाटांवर पाणी कसे चढते, हे तुम्ही पाहिले असेल. समजा, पुराची धार ताशी ८ किलोमीटर आहे. जुने बदक धारेविरुद्ध ताशी २ किलोमीटरने पुढे सरकेल. शंभर मीटर वर अडकलेल्या माणसांपर्यंत तीन मिनिटांत पोहोचेल. नवे इंजिन बसवलेले बदक इंजिन पूर्ण जोरात चालवूनही जागच्या जागी उभे राहील. कागदावर अश्वशक्ती तंतोतंत जुळलेली असेल, हे विशेष.

उपाय आहे. इंजिन आणि पंखा यांच्यामधले गिअर बदलून पंख्याच्या फेऱ्या पुन्हा वाढवाव्यात, किंवा पंख्याची पाती अधिक तिरपी घ्यावीत, म्हणजे एका फेरीत तो जास्त पाणी मागे लोटेल. मोठा पंखा घ्यावा असे प्रथम सुचते. पण पंखा बोगद्यात बसलेला, तिथे बोटभरही जागा जास्त नसते.

एक गोष्ट अजून राहिली. बदकाच्या तळाशी झिरपलेले पाणी उपसणारे पंप पंख्याच्या दांड्यावरच चालत. दांडा सावकाश फिरला की पंपही सावकाश. इंजिन बदलणाऱ्याच्या हे ध्यानीमनीही नसते; तो पंपाला हातसुद्धा लावत नाही, आणि तरी पंप अधू होऊन बसतो.

नाक किती बुडाले?

डिझेल इंजिन जड असते. हवा सोळापट दाबायची म्हणजे भिंती जाड हव्यात, दांडे जाड हवेत. स्कूटरचे इंजिन एक माणूस उचलतो. जवळपास तेवढ्याच शक्तीचे विहिरीवरचे इंजिन हलवायला चार गडी लागतात. समजा, नवे इंजिन, त्याचे फाउंडेशन आणि मोठी बॅटरी मिळून २०० किलो वजन वाढले.

आर्किमिडीजचे तत्त्व सांगते, की तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. २०० किलो वाढले तर २०० लिटर पाणी अधिक सारावे लागेल. पाण्याच्या पातळीवर बदकाचा आडवा छेद साधारण १६ चौरस मीटर धरू (चाकांच्या खोबणी आणि निमुळते टोक वजा करून). ०.२ घनमीटर भागिले १६ चौरस मीटर, म्हणजे सव्वा सेंटीमीटर. एवढेसेच! मिस्त्री खूश होतो.

पण वजन मध्यावर वाढलेले नाही. इंजिन पुढे आहे, मध्यापासून तीनएक मीटर अंतरावर. सी-सॉवर टोकाला बसलेले लहान मूलही फळी खाली नेते. आठ मीटर लांब आणि दोन मीटर रुंद चौकोनी पेटी धरून हिशेब केला, तर या कलण्यामुळे नाक आणखी पावणेतीन सेंटीमीटर खाली जाते. दोन्ही मिळून नाकाशी चार सेंटीमीटर, आणि शेपटी तेवढ्या मानाने वर. शेपटीला पंखा आहे. तो वर आला की पाण्याबरोबर हवा ओढू लागतो. नाकाशी चार सेंटीमीटर म्हणजे लाट आत येण्याची वेळ तेवढी जवळ आली.

यावर काय करतात? बॅटरी आणि इंधनाची टाकी मागे नेतात. तळाशी मागच्या बाजूला वजने ठेवणे हा सोपा पण आळशी उपाय, कारण त्याने एकूण वजन वाढतच जाते.

उंचीचा प्रश्न याहून नाजूक आहे. डिझेल इंजिन बहुधा उंचही असते. ते वर बसले की गुरुत्वमध्य वर जातो, आणि वाहन बाजूला कलले असता पुन्हा सरळ होण्याचा त्याचा जोर कमी होतो. अर्धी रेती भरलेला तांब्या पाण्यात ताठ उभा राहतो. तीच रेती पुडीत बांधून गळ्याशी अडकवली तर तांब्या आडवा होतो. वजनात काडीचा फरक नाही.

उष्णता जाणार कुठे?

विहिरीवरचे इंजिन चालू असताना त्याच्या बाजूने गरम पाण्याची बारीक धार पाटात पडत असते. पंपाने उपसलेले थोडे पाणी इंजिनाभोवती फिरवून सोडून दिलेले असते, आणि ते इंजिनाची उष्णता घेऊन जाते. मोटारगाडीत हे काम रेडिएटर करतो आणि समोरून येणारा वारा त्याला मदत करतो. बदकात वारा नाही. इंजिन बंद कवचात. हवा वरून पन्हाळीतून आत घ्यायची, रेडिएटरवरून न्यायची आणि बाहेर सोडायची. शिवाय पाण्यात इंजिन सतत पूर्ण भाराखाली चालते. घाट चढताना जो भार येतो, तो इथे सपाट पाण्यावर अखंड असतो. उतार कधी लागतच नाही.

पोहणाऱ्या वाहनात उष्णता काय करते, याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, भारतीय सैन्याचे पीटी-७६ रणगाडे मेघना नदीत उतरले. हा सोव्हिएत बनावटीचा हलका रणगाडा, वजन सुमारे १४ टन, इंजिन २४० अश्वशक्तीचे आणि डिझेलचे. मुळातच पोहण्यासाठी बनवलेला. पण मेघना फार रुंद. इतका वेळ सलग पोहून इंजिने तापली, आणि उरलेले पाणी पार करण्यासाठी तिथल्या नावांनी रणगाड्यांना ओढून नेले. आखणीतच पोहणे असलेल्या वाहनाची ही कथा. मग ठिगळ लावलेल्याची काय? अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पीटी-७६ पाहायला मिळतो. शाळेची सहल तिकडे गेली, तर त्याच्या मागच्या बाजूला पाण्याची धार सोडणारी तोंडे आहेत, ती जरूर पाहा; याला पंखा दिसत नाही, तो आतल्या आत पाणी ओढून मागे फेकतो.

भोके आणि गुंडाळ्या

नावेला तळाशी भोक नसावे, हे शेंबडे पोरही सांगेल. बदकाला मात्र भोके असावीच लागतात. चाकांना आणि पंख्याला फिरवणारे दांडे कवचातून बाहेर जातात. प्रत्येक ठिकाणी रबराची गुंडाळी असते; दांडा फिरतो, हलतो, पण पाणी आत येत नाही. नवे इंजिन बोटभर वर किंवा तिरपे बसले, तर पुढच्या दांड्यांचे कोन बदलतात, आणि डिझेलच्या थरथरीने कड्यांचे आवळलेले नट सैल होऊ लागतात.

१ मे १९९९ रोजी अमेरिकेत आर्कान्सास राज्यातल्या हॅमिल्टन सरोवरात एक बदक २१ जणांना घेऊन उतरले. काही मिनिटांतच ते मागच्या बाजूने बुडाले आणि १३ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत आढळले, की एका दांड्याभोवतीची रबरी गुंडाळी नीट आवळलेली नव्हती. तिथून पाणी आत आले. ऊन लागू नये म्हणून वर घातलेल्या छताखाली माणसे अडकली. हा अपघात इंजिन बदलल्यामुळे झाला नव्हता. पण छताकडे पाहा: सोयीसाठी नंतर केलेली भर होती ती. 

दुसरे उदाहरण लंडनचे. वाहन बुडू नये म्हणून पोकळ जागांत हलका फोम भरला होता. हेतू किती चांगला! २९ सप्टेंबर २०१३ रोजी थेम्स नदीत फिरणाऱ्या दांड्याला तो फोम घासला, घर्षणाने तापला आणि पेटला. काही प्रवाशांनी नदीत उड्या मारल्या, सर्वजण वाचले.

आपल्याकडे कोणत्याही मोटारवाहनात असा बदल करायचा तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी अधिकाऱ्याची संमती घ्यावी लागते. मग गाडी लातूरची एमएच २४ असो की नांदेडची एमएच २६. इंजिनाचा क्रमांक पुस्तकात बदलणे एवढाच त्याचा अर्थ अनेकजण घेतात.

पुरात बुडालेले इंजिन

शेवटी बदक सोडून आपल्या शेताकडे येऊ, कारण इथे हे ज्ञान उद्याच उपयोगी पडेल. गोदावरी, मांजरा, लेंडी यांच्या काठी पावसाळ्यात इंजिने पाण्याखाली जातात. पाणी ओसरले की घरचे पहिले काम करतात ते म्हणजे हँडल मारून इंजिन चालू होते का ते पाहणे. हे करू नये. का, ते सांगतो.

पाच अश्वशक्तीचे एक सिलिंडरचे इंजिन घ्या. किर्लोस्करच्या अशा एका प्रसिद्ध इंजिनात सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ११० मिलिमीटर आणि संपीडन गुणोत्तर १६.५ आहे. दट्ट्या एका धावेत जेवढी जागा झाडतो ती π/४ × ८ × ८ × ११, म्हणजे ५५३ घनसेंटीमीटर. दट्ट्या अगदी वर असताना उरणारी जागा ५५३ ला १५.५ ने भागून मिळते: जेमतेम ३६ घनसेंटीमीटर! (१६.५ ने का भागले नाही, याचा विचार तुम्ही करा.) चहाचे सात चमचे पाणी. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये सात चमच्यांहून थोडे जरी अधिक पाणी असले, तरी वर येणारा दट्ट्या त्यावर आपटतो आणि त्याला धरणारा दांडा वाकतो. बदकाच्या जुन्या पेट्रोल इंजिनात एका सिलिंडरमागे ही उरलेली जागा सुमारे १२८ घनसेंटीमीटर होती. डिझेल इंजिन त्या मानाने पाण्याला फार असहिष्णू. म्हणूनच बदकात हवा आत घेणारे तोंड शक्य तितके उंच ठेवतात.

तेव्हा बुडालेल्या इंजिनाचे आधी इंधन फवारणारा नोझल आणि हवेचा फिल्टर काढावा. दाब सोडणारी छोटी दांडी उचलून चाक हाताने अगदी सावकाश फिरवावे; पाणी नोझलच्या भोकातून बाहेर येईल. खालचे ऑइल दुधासारखे दिसत असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. ते सगळे काढून नवे भरावे. टाकीतले डिझेलही तळाकडून थोडे सोडून पाहावे, पाणी जड असल्याने खाली बसते. आणि मगच मिस्त्रीच्या देखत हँडल मारावे.

करून पाहा

एक चौकोनी, उथळ, लांबट डबा घ्या. पाण्यात तरंगेल एवढी वाळू त्यात सारखी पसरा. बाहेरून चारही कोपऱ्यांवर पाण्याची पातळी खुणेने नोंदवा. आता टॉर्चचे दोन मोठे सेल मध्यावर ठेवा आणि पातळी किती वाढली ते मोजा. मग तेच सेल डब्याच्या एका टोकाला सरकवा. मध्यावर पातळी फारशी बदलणार नाही, टोकाशी मात्र बदलेल. किती, ते मिलिमीटरमध्ये लिहा. मग सेल पुन्हा मध्यावर आणून आडवे ठेवा आणि डबा बोटाने बाजूला हलकेच कलवून सोडा. तो किती वेळ झुलतो ते मोजा. तेच सेल उभे करून, चिकटपट्टीने पक्के करून, पुन्हा कलवा. दुसऱ्या वेळी झोका सावकाश असेल की जलद? उत्तर आधी वहीत लिहा, मग डबा कलवा.